आडाला हळदकुंकू

देवणीच्या त्या घरात भिंत घातली तेव्हा सगळ्याचं दोन झालं. चुली दोन, दारं दोन, परसं दोन. एक आडच तेवढा दोन होईना. शेवटी गवंड्यानं आडाच्या तोंडावर सागवानी तुळया आडव्या टाकल्या, त्यांच्यावरून भिंत नेली, आणि अर्धं तोंड थोरल्या शिवप्पाच्या अंगणात राहिलं, अर्धं धाकट्या अमृतरावाच्या. दोन्हीकडं दोन चाकं, दोन दोर, दोन पोहरे. मल्लिकार्जुनअप्पा त्या दिवशी म्हणालेही होते, "पाण्यात काठी मारली म्हणून पाणी दुभंगत न्हाई रे लेकरांनो." पण वाटणीच्या दिवशी बापाचं ऐकायला कुणाला सवड असते?

यंदा त्या आडानं सगळ्यांनाच रडवलं. लातूर जिल्हा होऊन अजून वर्ष भरायचं होतं, आणि पहिल्याच उन्हाळ्यात नव्या जिल्ह्याच्या नशिबी दुष्काळ आला. अमृतरावाची बदली उस्मानाबादहून लातूरच्या कलेक्टर कचेरीत झाली होती. तो तिकडं एका खोलीत राहून कागदांचे गठ्ठे सोडवत बसला होता, आणि इकडं आडाच्या तळाशी परातीएवढं डबकं उरलं होतं. मग अप्पांनीच पाळी लावून दिली. रात्रभर झिरपेल ते थोरलीचं, तिनं दिवस उगवायच्या आत ओढायचं. दिवसभर झिरपेल ते धाकटीचं. जावा-जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण पाळी दोघींनी पाळली. बोलणं बंद असलेल्या माणसांना नियम फार उपयोगी पडतात.

त्या पहाटे थोरली गुरम्मा नेहमीसारखी आडाशी आली. दोर हातात घेतला आणि थांबली.

आडाचं एक होतं, भिंतीपलीकडं कुजबुजलं तरी त्या पोकळीतून अलीकडं ऐकू यायचं. दोन वर्षं गुरम्माला जावेच्या घरातली भाजी कशाची हे तिच्या तोंडून नाही, आडाच्या तोंडून कळत होतं. आत्ता तिला तांब्या घागरीच्या बुडाशी खरवडल्याचा आवाज आला. मग पोरीचा कण्हण्याचा.

"अव्वा, पाणी..."

"देते माय. एवढा एक घोट घे. दिस उगवू दे, मंग देते." धाकट्या जावेचा, जगदेवीचा, आवाज बसला होता.

जावेच्या नीलीला काल दुपारपासून ताप होता हे गुरम्माला ठाऊक होतं. सांजच्याला रेवणप्पा डॉक्टर येऊन गेले तेही तिनं इथंच उभं राहून ऐकलं होतं. पण ताप अजून तसाच असेल असं तिला वाटलं नव्हतं. चार वर्षांची पोर ती. तिचं पहिलं न्हाऊ गुरम्मानं घातलं होतं, ह्याच आडाच्या पाण्यानं, भिंत नव्हती तेव्हा. पाय लांब करून, पायांवर पोर घेऊन. पोर एवढी रडली होती की अप्पा बाहेरून ओरडले होते, "आगं, अंघोळ घालून राहिलीस का सोलून राहिलीस तिला?"

गुरम्मानं वाकून पाहिलं. खाली पाणी होतं. रात्रभराचं, घागरी भरतील एवढं. आणि आज तिला ते हवंच होतं. दुपारून निलंग्याचे पाहुणे तिच्या लेकीला, महानंदाला, बघायला येणार होते. पाय धुवायला पाणी, गूळ-पाणी, स्वयंपाक, हात धुवायला पाणी. मुलगी काळी का गोरी हे नंतर. पाहुणा उंबऱ्यात आला की आधी पाण्याचा तांब्या पुढं व्हावा लागतो. त्याच्याशिवाय ह्या मुलखात सोयरीक पुढं सरकत नाही.

"अव्वा, पाणी..."

"सरकू दे न्हाईतर राहू दे," गुरम्मा स्वतःशीच पुटपुटली.

पण नुसतं पाणी सोडून चालण्यासारखं नव्हतं. जगदेवीला ती पुरती ओळखत होती. थोरलीनं आपल्यासाठी पाणी सोडलं असं नुसतं कळायचा अवकाश, ती पोरीला काखोटीला मारून गावभर घागर फिरवेल, पण ह्या पाण्याला शिवायची नाही. वाटणीच्या दिवशी सासूच्या तांब्याच्या घागरीवरून वाद पेटला तेव्हा हीच जगदेवी चार पाहुण्यांत म्हणाली होती, "असू द्या, त्यांनाच घेऊ द्या घागर. ह्यांच्या हातचं पाणीसुद्धा मोजून मिळंल एक दिवस." ते वाक्य गुरम्माच्या काळजात काट्यासारखं रुतलं होतं. दोन वर्षांत ते तिनं कुणाला सांगितलं नाही आणि एक दिवस विसरलीही नाही.

तिनं पोहरा खाली सोडला. पाण्याला टेकू दिला नाही. तसाच वर ओढला. चाक करकरलं. मग कालच्या घागरीतलं तळाचं पाणी तिनं दुसऱ्या घागरीत ओतलं, चांगलं धो धो आवाज करून. पुन्हा रिकामा पोहरा खाली, पुन्हा वर. पुन्हा तेच पाणी ह्या घागरीतून त्या घागरीत.

महानंदा डोळे चोळत दारात आली. "अव्वा, काय करून राहिलीस तू?"

"हळू बोल! पाणी भरून राहिले."

"आगं, पण पोहरा तर रिकामा हाय."

गुरम्मानं तिला हाताला धरून बाजूला ओढलं आणि कानात सांगितलं. महानंदाचं तोंड आधी उघडं पडलं आणि मग उतरलं.

"आणि पाहुण्यांला काय द्यायचं?"

"तुझं लगीन पाण्यावाचून आडलं तर मागून करता येतंय," गुरम्मा म्हणाली. "ह्या पोरीचं काय आडलं तर मागून काय करायचं, सांग तू मला."

महानंदा पदर खोचून पुढं झाली, आईच्या हातातली घागर घेतली आणि तेच तांब्याभर पाणी ह्या घागरीतून त्या घागरीत असं काही ओतलं की जणू पावसाळा लागला.

*

दिवस उगवला तशी जगदेवी पोहरा घेऊन आडाशी आली. आशा काही नव्हतीच. पहाटे पलीकडचं चाक वाजलं होतं, घागरी भरल्याचं तिनं कानांनी ऐकलं होतं. आता राहिला असेल तो गाळ. फडक्यातून गाळून घेतला तर तांब्याभर निघेल, एवढाच तिचा हिशेब.

रात्रभर तिनं नीलीचं अंग पुसलं होतं. डॉक्टरनं आल्या आल्या पहिली गोष्ट केली होती ती म्हणजे पोरीच्या अंगावरची वाकळ ओढून फेकली होती. "काय भाजून काढून राहिलाव का लेकराला? खिडकी उघडा. आणि हिचं अंग ओल्या फडक्यानं पुसत राहा, थांबायचं न्हाई. साधं पाणी. बर्फ न्हाई, लई गार न्हाई. आणि पाजत राहा, घोट घोट. मीठ-साखर घालून." गोळ्या दिल्या आणि दारात जाऊन आवाज उतरवून म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत ताप खाली आला न्हाई, न्हाईतर झटका आला, तर इथं थांबू नका. सरळ उदगीरच्या दवाखान्यात."

झटका हा शब्द ऐकल्यापासून जगदेवी दर घटकेला पोरीचे हात उलगडून बघत होती. बहात्तरच्या दुष्काळात तिची धाकटी बहीण अशीच तापात आखडली होती. माहेरच्या ओसरीवर, सगळ्यांच्या देखत. तिचे वळलेले हात जगदेवीला अजून दिसायचे. त्या घरात तेव्हा पाणी नव्हतं. पाणी असतं तर ती वाचली असती का, हे कोण सांगणार? पण जगदेवीच्या मनानं ते कधीच ठरवून टाकलं होतं.

तिनं पोहरा सोडला. आणि खाली गाळाचा डबडब आवाज यायचा तिथं पाण्याचा आवाज आला. दोर जड झाला. तिला वाटलं हाताचाच भास. वर ओढला तर पोहरा काठोकाठ भरलेला.

"अप्पा! अवं अप्पा, इकडं या!"

ह्या महिन्यात अप्पांचं जेवण धाकट्याकडं होतं. म्हातारा काठी टेकत आला. "काय झालं? पोर बरी हाय ना?"

"पाणी लागलंय अप्पा! अक्काबाईनं पहाटंच सगळं ओढून नेलंय, माझ्या कानांनी ऐकलंय मी. आन् तरी भरलेला पोहरा आला! नवा झरा फुटला आडाला!"

अप्पांनी वाकून खाली पाहिलं. मग भिंतीखालच्या फटीतून पलीकडं पाहिलं. पलीकडच्या चाकावर थोरल्या सुनेचा दोर गुंडाळलेला होता. शेवटापर्यंत कोरडा. म्हाताऱ्याच्या सगळं ध्यानात आलं. पण साठ वर्षं संसारात आणि त्यातली दहा दोन सुनांमध्ये काढलेल्या माणसाला कुठं बोलायचं नाही हे शिकवावं लागत नाही.

"झरा फुटला खरा," ते म्हणाले. "ओढ. सगळं ओढ. लेकराला न्हाऊ घाल पाण्यानं."

जगदेवीनं दोन घागरी भरल्या. मग घरात पळाली ती हळदकुंकवाची वाटी घेऊन आली, आडाच्या दगडाला पाच बोटं हळद लावली, कुंकू लावलं, कपाळ दगडाला टेकवलं. "गंगामाय, लेकरू वाचव. दुपारी माझं लेकरू उठून बसलं तर तुझी ओटी भरते. माझ्या लग्नातल्या खणानं भरते." तिचे डोळे वाहत होते. "माणसानं न्हाई विचारलं, पण तू विचारलंस गं माय."

पलीकडं, भिंतीला टेकून, गुरम्मा ज्वारी निवडत बसली होती. 'माणसानं न्हाई विचारलं' हे ऐकून तिचा हात सुपातच थांबला. मग ती एकटीच हसली. राग यायला हवा होता, पण आला नाही. महानंदा मात्र फणकारली. "ऐकलंस का? घे! तुझ्या पाण्याचं पुण्य आडाला!"

"घेऊ दे आडाला. आडाचंच हाय ते."

*

पाणी हाताशी असलं की माणसाच्या हातांना किती जोर येतो! जगदेवीनं पोरीचं कपाळ पुसलं, मान पुसली, काखा, पोटऱ्या, तळवे. फडकं सुकलं की पुन्हा भिजवायचं. आता फडकं पिळताना पाण्याचा थेंब घागरीत परत पडावा म्हणून हात आखडायचा नव्हता. अप्पा उशाशी बसून पंख्यानं वारा घालत होते आणि चमच्यानं पाणी पाजत होते. नीली मधूनच डोळे उघडायची, आजोबांच्या मिशीकडं बघायची, पुन्हा मिटायची.

ऊन माथ्यावर आलं तसं जगदेवीच्या तळव्याला पोरीच्या मानेखाली ओल लागली. तिला वाटलं फडक्याचंच पाणी. पुसलं, तर पुन्हा ओल. घाम होता तो. पोरीला घाम सुटला होता.

"अप्पा, बघा की जरा. माझा हातच खोटं बोलून राहिलाय का काय."

अप्पांनी आपला खरखरीत तळवा नातीच्या कपाळावर ठेवला. बराच वेळ ठेवला. मग विभूतीच्या डबीतली चिमूट घेऊन तिच्या कपाळाला लावली, आणि उरलेली स्वतःच्या.

नीलीनं डोळे उघडले. "अव्वा," ती म्हणाली, "भाकर."

"काय?"

"भाकर आन् गूळ."

जगदेवी हसायला लागली आणि हसता हसता तिनं असा हंबरडा फोडला की पोर घाबरून आजोबांना बिलगली. डॉक्टरला बोलावून आणलं. रेवणप्पांनी ताप पाहिला, नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि म्हणाले, "उतरला. चढंल थोडा संध्याकाळी, भ्यायचं न्हाई, गोळी द्यायची. उदगीरला आता बाजारालाच जा. आन् ही भाकर मागून राहिलीय तर मऊ भात द्या तिला. पाणी राखून ठेवलं होतं वाटतं तुमी, शाब्बास."

"मी न्हाई, गंगामायनं," जगदेवी म्हणाली.

डॉक्टरनं अप्पांकडं पाहिलं. अप्पांनी छताकडं पाहिलं.

*

त्याच वेळी उदगीर-देवणी गाडीत अमृतराव मांडीवर ओलं पोतं घेऊन बसला होता.

काल संध्याकाळच्या गाडीच्या कंडक्टरनं रात्री लातूरला खोलीवर निरोप पोचवला होता, "तुमची लहान पोर तापानं फणफणलीय." सकाळची पहिली गाडी धरून तो उदगीरला उतरला. दवाखान्यातून काय न्यावं ते सुचेना. माणूस बाप असला तरी तापापुढं कारकूनच. एवढ्यात सोड्याच्या दुकानासमोर बर्फाची लादी उतरताना दिसली, आणि लहानपणी ऐकलेलं आठवलं, ताप डोक्यात गेला की बर्फ ठेवतात. त्यानं मोठा तुकडा घेतला, भुश्यात घालून पोत्यात गुंडाळला आणि गाडीत बसला. आता ते पोतं टपटप गळत होतं. खाली एका बाईच्या गाठोड्यावर पाणी पडत होतं.

"साहेब," कंडक्टर म्हणाला, "जिल्ह्याचं पाणी असं गळतंय व्हय? मी म्हणून राहिलो होतो, जातंय कुठं!"

सगळी गाडी हसली. एरवी अमृतराव रागावला असता. "पोरगी तापलीय हो," एवढंच म्हणाला. गाठोड्याच्या बाईनं पोतं आपल्या पदरानं झाकलं. "ऊन लागू देऊ नका, दादा. जाईल नीट."

घराच्या दारात तो जवळजवळ पळतच शिरला, आणि ओसरीवर नीली आजोबांच्या मांडीवर बसून मऊ भात खाताना दिसली. त्यानं पोतं खाली ठेवलं. पोरीच्या कपाळाला हात लावला. मग तो तिथंच जमिनीवर बसला आणि पँटीच्या खिशातला रुमाल शोधायला लागला, तो काही सापडेना.

"बाबा, पोत्यात काय हाय?" नीलीनं विचारलं.

"बर्फ हाय, माय. तुझ्यासाठी."

"आगं बाई," जगदेवी डोळे पुसत म्हणाली, "डॉक्टरनं बर्फ लावू नका म्हणून बजावलंय. साधंच पाणी लावायचं होतं."

"मंग आता ह्याचं काय करू?"

"राहू द्या तिकडं. आधी चला, आडाची ओटी भरायची हाय. तुमी आला ते बरं झालं, जोडीनं भरू." ती बोलत सुटली होती, दोन दिवसांची गप्प राहिलेली. "अवं, आडाला झरा फुटलाय. तिकडून सगळं पाणी नेलं तरी माझा पोहरा भरून आला! अशी गंगामाय कुणाला पावत न्हाई."

ताटात गहू, खोबऱ्याची वाटी, लग्नातला हिरवा खण. दोघं आडाशी आली. अमृतरावानं वाकून पाहिलं. खाली ओला गाळ होता, त्यात ओंजळभर पाणी. झरा वगैरे काही नव्हता.

तो काही म्हणणार तेवढ्यात आडातून शिवप्पाचा आवाज घुमला. दुकान बंद करून तो नुकताच घरात आला असावा.

"पाणी न्हाई म्हंजे? पाहुण्यांची जीप मारोतीच्या पारापाशी आलीय आन् तू म्हणतीस घागरी रिकाम्या! पहाटं तर चाक वाजलं. मी आंथरुणात ऐकलं!"

"वाजलं," गुरम्माचा आवाज आला.

"मंग पाणी कुठं गेलं? आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात, इथं आडात होतं आन् पोहऱ्यात न्हाई?"

"मी ओढलंच न्हाई."

"काय?"

"रिकामा पोहरा खाली-वर केला. नीली रातभर पाणी-पाणी करून राहिली होती. दिलं असतं तर जगदेवीनं घेतलं नसतं. म्हणून तसंच आडात ठिवलं, तिच्या पाळीला. आता ओरडायचं तेवढं ओरडून घ्या, पाहुणे आल्यावर ओरडता येणार न्हाई."

शिवप्पा तापट होता, पण वाईट नव्हता. जरा वेळानं त्याचा आवाज आला, आता खाली उतरलेला. "पोर कशी हाय?"

"भाकर मागितली तिनं. ऐकलं मी."

"मंग ठीक हाय," शिवप्पा म्हणाला. "पाहुण्यांला मी सांगतो काहीतरी. दुष्काळ काय आपल्या एकट्याच्या घरात न्हाई."

अलीकडं जगदेवीनं ओटीचं ताट पदराखाली ओढून घेतलं. आडाच्या दगडावर तिनंच लावलेली हळद उन्हात वाळून पिवळीधमक दिसत होती. 'माणसानं न्हाई विचारलं.' हे ती इथंच, ह्या दगडावर डोकं टेकवून म्हणाली होती. आणि आडातून सगळं ऐकू जातं हे तिला काय ठाऊक नव्हतं?

तिनं मागं वळून पाहिलं. अप्पा ओसरीवरून तिच्याकडंच बघत होते.

"अप्पा, तुमाला ठाऊक होतं?"

"तिचा दोर कोरडा होता, माय."

"मंग सांगितलं कामून न्हाई?"

"सांगितलं असतं तर ओढलं असतंस का पाणी?"

जगदेवीच्या अंगात वारं शिरलं. "अवं, ते पोतं सोडा. बर्फ धुऊन परातीत घ्या. लौकर! अप्पा, नीलीकडं बघा." तिनं भरलेली दुसरी घागर कमरेवर घेतली. सकाळचं पाणी अजून तिच्यात गळ्यापर्यंत होतं.

*

थोरल्या घराच्या बैठकीत निलंग्याचे चंद्रप्पा, मुलाचे वडील, आणि त्यांची आई जाजमावर टेकली होती. जीपमधून उतरल्यापासून म्हातारी पदरानं वारा घेत होती. शिवप्पा हात जोडून उभा होता आणि पाण्याचं कसं सांगावं याचे शब्द जुळवत होता. आतल्या दारामागं गुरम्मा गुळाची वाटी घेऊन उभी होती. वाटीत गूळ होता, शेजारचा तांब्या रिकामा. महानंदा नव्या लुगड्यात तिच्या मागं, घामानं चिंब.

तेव्हा पुढच्या दारातून धाकटी आली. दोन वर्षांत पहिल्यांदा. डोक्यावरचा पदर सावरून थोरल्या दिरासमोरून झपाझप आत गेली. कमरेवर घागर. मागून अमृतराव, हातात परात, आणि परातीत चकाकणारा, ठिबकणारा बर्फ.

"वहिनी, कुठं ठिवू हे?" असं तो अगदी रोजच्यासारखं म्हणाला.

गुरम्मानं गुळाची वाटी खाली ठेवली आणि नकळत शेजारचा तांब्या उचलला. जगदेवीनं तिच्या हातातला रिकामा तांब्या काढून घेतला, घागरीतून भरला, बर्फ फोडून आत टाकला आणि महानंदाच्या हातात दिला. "जा पोरी. हळू जा. सांडू नको."

बैठकीत बर्फाच्या पाण्याचा पहिला घोट घेतल्यावर निलंग्याच्या म्हातारीनं डोळेच मिटले. "बाप्पा! आमच्याकडं प्यायला पाणी न्हाई आन् तुमच्याकडं बर्फ! शिवप्पा, कुठून आणलंत हो?"

अमृतराव पुढं झाला. "आमच्या लहान पोरीसाठी आणला होता, अव्वा. तिला ताप होता. आता उतरलाय. वहिनीनं आपलं सगळं पाणी तिला दिलं, म्हणून बर्फ उरला."

"एका भिंतीत दोन घरं दिसली म्हणून मी विचारणार होते," म्हातारी म्हणाली. "आता न्हाई विचारत." आणि महानंदाकडं वळली. "बस इथं जवळ. आणिक दे गं एक गिलास."

आत चुलीपाशी दोघी जावा समोरासमोर उभ्या होत्या. एकमेकींशी बोलायची सवयच मोडली होती, त्यामुळं सुरुवात कुठून करावी ते कुणालाच कळेना.

"पोर खाऊन राहिलीय का?" गुरम्मानं विचारलं.

"हाव. भात. गूळ मागितला, न्हाई दिला."

"देऊ नको. उद्या दे."

"हाव."

मग जगदेवी वळली. पदराखाली झाकून आणलेलं ताट तिनं काढलं. हिरवा खण, खोबऱ्याची वाटी, गहू. "ही ओटी आडासाठी बोलले होते मी," ती म्हणाली. "चुकीच्या ठिकाणी बोलले. अक्का, पदर पसर."

"आगं, बोललेली ओटी देवाची असती. आडालाच भर."

"आडानं काय केलं? त्यानं नुसतं पोटात ठिवलं. दिलं तू." जगदेवीनं खण हातात घेतला. "माझं लेकरू तू वाचवलंस, अक्का. हे मी मरेपर्यंत विसरायची न्हाई, आन् नीलीला मोठी झाल्यावर सांगितल्याशिवाय राहायची न्हाई. पसर पदर."

गुरम्मानं पदर पसरला. जगदेवीनं खण ठेवला, खोबरं ठेवलं, कुंकू लावलं. मग ओंजळीनं गहू घालायला लागली. पाच ओंजळी घालायच्या असतात. पाच झाल्या, सहा झाल्या, सात झाल्या. पदर जड व्हायला लागला. गहू काठावरून चुलीपाशी सांडायला लागले.

"बास, बास!" गुरम्मा रडता रडता हसली. "किती घालून राहिलीस गं?"

"मोजून न्हाई घालत, अक्का," जगदेवी म्हणाली, आणि ताट तिच्या पदरात पालथं केलं.